रोज्यातली पंधरा नावे

मार्च म्हणजे विमा प्रतिनिधींचा सुगीचा महिना. गेली काही वर्षे रमजान याच महिन्याला लागून येतो आहे. चांद्र वर्ष लहान असल्याने तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तर ईद नेमकी ३१ मार्चला आली. वर्षअखेरीचे टार्गेट आणि शिरखुर्म्याची तयारी एकाच दिवशी!

परभणीतल्या एका विमा प्रतिनिधीने या महिन्यासाठी वेगळी वही ठेवली आहे. सहर आणि फजरची नमाज झाली की तो परत झोपत नाही. डोके ताजे असते, घर शांत असते. तेवढ्या वेळात तो पंधरा नावे लिहितो. कुणाकडे बाळ झाले, कुणाला नोकरी लागली, कुणी नवे दुकान टाकले. ओळख नसलेल्यांना फोन लावणे त्याने जवळपास सोडले आहे. फसवणुकीच्या फोनांनी लोक इतके धास्तावलेत की अनोळखी नंबर कुणी उचलत नाही. ‘अमक्यांनी पाठवलंय’ हे दोन शब्द आजही दार उघडतात.

दहा ते साडेबारा फक्त भेटी. चहा पुढे आला की ‘रोजा आहे’ म्हणावे लागते. मग वहिनी ओशाळून कप आत नेतात आणि निघताना मुलांसाठी लाडू बांधून देतात. दुपारी तीननंतर मात्र जीभ कोरडी पडते, लक्ष उडते. पहिल्या वर्षी त्याने ही वेळ फॉर्म भरायला ठेवली. वारसाची जन्मतारीख चुकली आणि फॉर्म परत आला. आता फॉर्म इफ्तारनंतर, आणि दुपारी अर्धा तास डुलकी. मशिदीत ओळखी खूप होतात, पण तिथे पॉलिसीचा विषय काढायचा नाही हा त्याचा नियम. बरा नियम आहे.

वही ठेवण्याची कल्पना जुनीच. अमेरिकेतला फ्रँक बेटगर आधी बेसबॉल खेळायचा. हात दुखावला आणि तो विमा विकू लागला. त्याने आपल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की ७० टक्के विक्री पहिल्याच भेटीत होते, २३ टक्के दुसऱ्या भेटीत आणि पुढच्या सगळ्या भेटींत मिळून फक्त ७ टक्के. त्या ७ टक्क्यांवर त्याचा निम्मा वेळ जात होता. आपल्याकडे तर तिसऱ्या भेटीला ‘ईदनंतर बघू’ ठरलेले, दिवाळीत ‘दिवाळीनंतर’. परभणीकराने तिसरी फेरी रमजानपुरती बंद केली आहे.

तरी आकडा जुळेलच असे नाही. नव्या करप्रणालीत ८०-सी ची वजावट नाही, त्यामुळे मार्चची गर्दीही ओसरली. अशाच एका वर्षी टार्गेटला एकच पॉलिसी कमी होती. शाळेत ज्यांनी त्याला गणित शिकवले, ते निवृत्त गुरुजी चेक लिहून तयार बसले होते.

‘‘एकदाच भरायचे ना रे?’’ गुरुजींनी विचारले.

गप्प राहिले असते तरी चालले असते. कागदावर सगळे छापलेले होते आणि पॉलिसी न पटल्यास परत करायला ३० दिवसांची मुदतही असते. पण रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले.

‘‘नाही गुरुजी. दरवर्षी, दहा वर्षे.’’

गुरुजींनी चष्मा काढला, मनातल्या मनात आपले वय आणि दहा यांची बेरीज केली, आणि चेक हळूच वहीत परत ठेवला. ‘‘मग नको बाबा. पेन्शनीत नाही बसायचे.’’

बाहेर पडून त्याने स्कूटर सावलीत लावली. गुरुजींच्या नावापुढे ‘नाही’ लिहिले. चार वाजून वीस मिनिटे झाली होती, इफ्तारला अजून दोन तास होते. एरवी या वेळी तो फोन करत नाही. त्या दिवशी त्याने पुढचे नाव शोधून नंबर लावला.