मोटारीतला वाटाड्या मंदावतो तेव्हा

पेणहून रोह्याकडे निघालेल्या टेम्पोत गणपतीच्या मूर्ती आहेत, पेंढ्यात नीट बसवलेल्या. चालक परगावचा. काचेपाशी लावलेल्या जीपीएसच्या भरवशावर तो चालला आहे. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो. तिथे यंत्राने फाट्याच्या अगोदर बोलायला हवे. ते बोलते फाटा मागे पडल्यावर. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. यंत्राला पाच सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात ती ८० मीटरहून पुढे गेलेली असते. मग करकचून ब्रेक, नाहीतर हमरस्त्यावर गाडी मागे घेणे. मूर्तींचे राहू द्या, मागून भरधाव एसटी येत असेल तर?

यंत्राच्या मालकाला विचारा. तो म्हणेल, "परवापर्यंत झकास चालत होते हो! अपडेट केले आणि तिथून मंदावले." हे गाऱ्हाणे पुष्कळांचे आहे, आणि ते खोटे नाही. पण म्हणून यंत्र बिघडले असे मात्र नाही. अपडेट म्हणजे दुरुस्ती, अशी आपली समजूत असते. खरे पाहता त्यात यंत्राचा एकही भाग बदलत नाही. मेंदू जुनाच, साठवणीची जागा जुनीच; त्यावर ओझे तेवढे नवे आणि बहुधा पहिल्यापेक्षा जड. बैल तोच ठेवून गाडीत आणखी चार पोती टाकावीत, तसे हे झाले.

आता असे पाहा की, या छोट्या पेटीत तीन निरनिराळी कामे चालतात. आकाशातले उपग्रह ऐकून आपण कुठे आहोत ते ठरवणे, हे पहिले. साठवलेला नकाशा उघडून पडद्यावर काढणे, हे दुसरे. आणि इथून तिथवर जायची वाट शोधणे, हे तिसरे. यांतले कोणते रेंगाळते आहे ते ओळखल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. वैद्यसुद्धा आधी नाडी बघतो.

पहिले काम शिक्षक मंडळींना शाळेच्या पटांगणात सहज दाखवता येईल. झेंड्याच्या खांबापासून १० मीटर दोरी धरून एका मुलाला उभे करा. तो कुठे आहे? त्या वर्तुळावर कुठेही असू शकेल. दुसऱ्या खांबापासूनचे अंतरही सांगितले, की फार तर दोनच जागा उरतात. तिसरे अंतर सांगितले, की एकच. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते. पण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते, आणि आपल्या यंत्रातले घड्याळ काही इतके नेमके नसते. ती चूक भरून काढायला आणखी एक उपग्रह लागतो. म्हणून किमान चार.

प्रत्येक उपग्रह आपल्या मार्गाची तपशीलवार माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पुरे ऐकायचे तर साडेबारा मिनिटे लागतात. अपडेटमध्ये ही जुनी टिपणे कधी कधी पुसली जातात. तसे झाले की पहिल्या दिवशी यंत्र चाचपडते. उपाय सोपा आहे. मोकळ्या आभाळाखाली गाडी उभी करून यंत्र पंधरा-वीस मिनिटे सुरू ठेवायचे. घराच्या पत्र्याखाली नव्हे, आणि सुकेळी खिंडीतल्या डोंगराच्या कुशीतही नव्हे. मोबाईलवरचा वाटाड्या ही माहिती मोबाईलच्या जाळ्यावरून चटकन मिळवतो. त्यामुळे जिथे रेंज नाही तिथे तोही पहिल्यांदा जरा घुटमळतो.

मात्र ही अडचण एकदाची असते. चार दिवस झाले तरी यंत्र मंदच असेल, तर दोष आकाशाला देऊ नका. याची परीक्षा घरबसल्या होते. यंत्र दारात सुरू करा आणि कुठलाही प्रवास न सांगता नुसता नकाशा बोटाने सरकवा. नकाशा अडखळत सरकला, अक्षरे उमटायला वेळ लागला, तर उपग्रहांचा तिथे संबंधच नाही; साठवणीत गर्दी झाली आहे. नकाशा सुरळीत सरकत असेल, तर पेण ते वडखळ एवढीच वाट विचारा आणि मग पेण ते पणजी विचारा. जवळची लगेच आली आणि लांबची रेंगाळली, तर वाट काढण्याचे काम जड झाले आहे असे समजावे.

सर्वांत जास्त वेळा सापडतो तो साठवणीचा दोष. तो जरा नीट समजून घेऊ. या यंत्रांतली मेमरी पाटीसारखी असते, पण विचित्र पाटी. तिच्यावरचा एखादा शब्द पुसता येत नाही. पुसायचा तर मोठा चौकोनच्या चौकोन पुसावा लागतो. त्यामुळे मोकळी जागा भरपूर असली की यंत्र तिथे लिहून मोकळे होते. जागा संपत आली, की आधी ठेवायचे ते दुसरीकडे हलवा, मग चौकोन पुसा, मग लिहा, अशी उठाठेव सुरू होते. नवा नकाशा आला, जुनाही तसाच राहिला, वर दहा-बारा भाषांतले आवाज, उंच इमारतींची चित्रे, आणि गेल्या चार वर्षांत गाडी कुठे कुठे फिरली त्याची नोंद! पेणच्या माणसाला परदेशाचा नकाशा कशाला हवा? मराठी, हिंदी, इंग्रजी सोडून इतर आवाज काढून टाका. जुन्या प्रवासांच्या खुणा काढा. नकाशा निवडण्याची सोय असेल तर लागेल तेवढाच प्रदेश ठेवा. नुसत्या आवराआवरीने पुष्कळ यंत्रे पूर्वीसारखी चालू लागतात. काढण्यापूर्वी संगणकावर एक प्रत ठेवावी, हे सांगायला नकोच.

अपडेटनंतर काही यंत्रे गावांच्या व रस्त्यांच्या नावांची सूची नव्याने बांधतात. तेवढा वेळ त्यांना द्यावा. घरच्या चार्जरवर यंत्र तासभर सुरू ठेवावे. त्यासाठी मोटारीची बॅटरी उतरवू नये. आणि अपडेट करताना वीज जाणार नाही अशी वेळ पाहावी. निम्म्यात वीज गेली तर नकाशा अर्धाच उतरतो आणि यंत्र तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते. अशा वेळी अपडेट पहिल्यापासून पुरे करणे हाच उपाय. जुने मेमरी कार्डही असेच अडखळते. ते बदलून पाहावे.

वाट काढण्याचे काम जड झाले असेल तर 'टोल टाळा', 'कच्चे रस्ते टाळा' अशा खुणा तपासा. अपडेटमध्ये त्या कधी आपोआप बदलतात. लांबचा प्रवास तुकड्यांनी विचारावा. मे महिन्याच्या उन्हात काचेपाशी तापलेले यंत्र आपणहून हळू चालते, ते बिघाड म्हणून धरू नये; सावलीत घ्या. यंत्र मूळ स्थितीला आणण्याची कळ अगदी शेवटी दाबायची, कारण तुम्ही साठवलेले पत्ते त्यात जातात.

इतके सगळे सोसायचे, तर अपडेट करूच नये का? काही जण तसे करतात. पण ६ एप्रिल २०१९ च्या रात्री काय झाले ते ऐका. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १,०२४ पर्यंतच होते आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होते. पहिली फेरी ६ जानेवारी १९८० ला सुरू होऊन ऑगस्ट १९९९ मध्ये संपली, दुसरी त्या रात्री संपली. ज्या जुन्या यंत्रांना याची तजवीज करून दिलेली नव्हती, ती जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवू लागली. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. शिवाय आपला मुंबई–गोवा रस्ताच पाहा. पूर्वीचा १७ क्रमांकाचा, आता ६६. तो रुंद झाला, जागोजागी वळणे बदलली, उड्डाणपूल आले. जुन्या नकाशाला हे ठाऊक नाही. नव्या रस्त्यावरून जाणारी गाडी तो शेतात दाखवील. तेव्हा अपडेट करावे, पण निघायच्या सकाळी नव्हे. आठवडाभर आधी करा, म्हणजे यंत्र मंदावलेच तर आवरायला सवड मिळते.

ज्या दिवशी निघायचेच आहे आणि यंत्र अजून रेंगाळते आहे, त्या दिवशी दारातच वाट काढून घ्या आणि पडद्यावर आली की मगच गाडी सुरू करा. शिवाय कागदाच्या चिटोऱ्यावर ठळक लिहून ठेवा: वडखळ, सरळ नागोठणे, तिथून भिसे खिंडीने रोहे, नाहीतर सुकेळी खिंडीतून कोलाड आणि मग रोहे. फाटा चुकलाच, तर मागे न येता पुढे जाऊन रीतसर वळण मिळेल तिथूनच गाडी फिरवा.