बिनकुलपाचे दुकान आणि छोटा कारागीर



गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी मी गावी गेलो होतो. एके दिवशी तिन्हीसांजेला माझे एक स्नेही ओट्यावर येऊन बसले. ते गावच्या शाळेत मास्तर आहेत. सोबत त्यांचा अकरावीतला मुलगा होता. मुलाने साठवलेल्या पैशातून संगणकावरचा एक खेळ विकत घेतला होता. पुढे दोन दिवस गावातले नेट बंद पडले आणि खेळ उघडेना. पडद्यावर एकच सूचना येई, आधी दुकानाशी संपर्क साधा. मास्तर वैतागून म्हणाले, "सर, पैसे मोजले, वस्तू घरात आली. मग वापरायला दुकानदाराची परवानगी कशाला? काल घेतलेली कढई आज चुलीवर ठेवू का, असं कुणी रोज विचारायला जातं का?"

मुलाने मात्र त्याच्याही पुढचा प्रश्न विचारला. "सर, कुलूप नसलेले खेळ विकणारी दुकानंही आहेत. पण मला हवा तो खेळ तिथं मिळतच नाही. बनवणारे दोघंच जण आहेत, मोठी कंपनी नाही. मग त्यांना अडचण कसली?"

प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर मी तिथे जसे दिले, तसेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे कुलूप म्हणजे काय ते पाहू. कढईची नक्कल करायची तर तांबट लागतो, तांबे लागते. संगणकावरच्या खेळाची नक्कल करायला काहीच लागत नाही, एका क्षणात एकाच्या दहा प्रती होतात. म्हणून विकणारे त्यात एक पहारेकरी बसवतात. खेळ सुरू होताना तो विक्रेत्याच्या संगणकाला विचारतो, 'या माणसाने पैसे दिले आहेत ना?' होकार आला तरच दार उघडते. या व्यवस्थेला डीआरएम म्हणतात. आपण तिला डिजिटल कुलूप म्हणू.

आता दुकाने पाहू. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली 'स्टीम' सुरू केले. संगणकावरच्या खेळांची ती आज सर्वांत मोठी पेठ आहे. २००८ साली पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने 'जीओजी' नावाचे दुकान काढले. त्याचा बाणा असा, की एकट्याने खेळायचा खेळ कुलपाविना द्यायचा. एकदा उतरवून घेतला, की तो आपल्या डिस्कवर ठेवा, नेट असो वा नसो. २०१३ साली 'इच डॉट आयओ' आले. तिथे कोणीही आपला खेळ मांडू शकतो आणि दुकानाला किती वाटा द्यायचा, हे मांडणाराच ठरवतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्टीमवर विकायचे म्हणजे कुलूप लावलेच पाहिजे, असे नाही. व्हॉल्व्ह तशी सक्ती करीत नाही. उलट आपले साधे कुलूप चोरी थांबवायला पुरेसे नाही, असे ती कंपनी खेळ बनवणाऱ्यांना स्वतःच सांगते. तेव्हा जो कारागीर बिनकुलपाच्या दुकानात जात नाही, त्याला कुलपाची हौसच आहे, असे समजू नये. मग कारणे कोणती?

पहिले कारण चोरीचे भय. हे भय पोकळ नाही. २००८ साली '२डी बॉय' या छोट्या चमूने 'वर्ल्ड ऑफ गू' हा खेळ कुलपाविना विकला. खेळणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोकांनी पैसे दिलेले नाहीत, असा अंदाज त्यांनीच जाहीर केला, आणि पुढे तो ८२ टक्क्यांवर आणला. पण त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कुलूप असलेल्या एका दुसऱ्या खेळाच्या बाबतीत हेच प्रमाण ९२ टक्के होते! म्हणजे कुलपाने चोर अडला नाही. जगात एकाने ते फोडले, की फोडलेली प्रत सर्वत्र फिरते. कुलपाचा जाच होतो तो पैसे देणाऱ्याला, आमच्या मास्तरांच्या मुलाला.

ऑस्ट्रेलियातील दोन भावांची हकीकत तर गमतीची आहे. त्यांनी 'गेम डेव्ह टायकून' नावाचा खेळ केला. त्यात खेळणारा स्वतःच खेळ बनवणाऱ्या कंपनीचा मालक असतो. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी कुलपाविना विक्री सुरू केली आणि त्याच दिवशी फुकट्यांसाठी एक वेगळी प्रत आपणच सोडून दिली. त्या प्रतीत काही वेळाने मालकाचे दिवाळे निघे, कारण लोक त्याचे खेळ चोरून खेळत! पहिल्या दिवशी त्यांच्या मोजणीप्रमाणे ३,३१८ जण खेळले. त्यांतील पैसे देणारे फक्त २१४. आणि फुकट्यांपैकीच काही जण तक्रार करू लागले, की ही चोरी थांबवायची कशी? असो. हसू येते खरे, पण दोनचार वर्षे खपून काम केलेल्या माणसाला हे आकडे पाहून हुडहुडी भरली, तर त्याला दोष देता येणार नाही.

दुसरे कारण अधिक वजनाचे, आणि ते म्हणजे कामाचा बोजा. स्टीम हे नुसते दुकान नव्हे, ती अवजारांची कोठीही आहे. गुणांचा तक्ता, अर्धवट राहिलेला डाव दूरच्या संगणकावर जपून ठेवणे, दोन गावच्या खेळाडूंची गाठ घालून देणे, खेळणाऱ्यांनी केलेली भर इतरांना वाटणे, हे सारे स्टीम तयार देते. दोन माणसांचा चमू ती अवजारे घेऊन खेळ उभा करतो. पुढे तोच खेळ दुसऱ्या दुकानात न्यायचा, तर ही अवजारे उपसून काढून तिथली बसवावी लागतात. अनेकांनी मिळून खेळायचा खेळ असेल, तर काम आणखी वाढते. एका दुकानातला गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानातल्याशी खेळणार कसा?

शिवाय खेळ एकदा विकून संपत नाही. चुका दुरुस्त कराव्या लागतात, नवी आवृत्ती द्यावी लागते. प्रत्येक आवृत्ती प्रत्येक दुकानासाठी बांधायची, तपासायची, पाठवायची. यात हयगय झाली, की छोट्या दुकानातले गिऱ्हाईक विचारते, "आम्ही काय सावत्र?" ते बोलणे ऐकण्यापेक्षा मुळात जायलाच नको, असे काही जण ठरवतात.

तिसरे कारण आपल्या शेतकरी बंधूंना चटकन पटेल. जवळच्या आठवडे बाजारात वजन चोख, अडत कमी. तरीही माल लांबच्या मोठ्या यार्डात का जातो? खरेदीदार तिथे असतात म्हणून. स्टीम विक्रीतले ३० टक्के ठेवून घेते. २०१८ पासून एका खेळाची कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली, तर वरच्या रकमेवर २५ टक्के, आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के. ही सवलत बड्यांना. छोट्याला तीस टक्केच. तरी तो तिथेच जातो. समजा, मोठ्या पेठेत शंभर प्रती खपल्या आणि छोट्या दुकानात पाच खपणार असतील, तर त्या पाचांसाठी महिनाभराचे काम परवडेल काय? त्याच महिन्यात खेळाची सुधारणा केली, तर शंभराच्या सव्वाशे होतील, असा त्याचा हिशेब असतो.

चौथी गोष्ट अशी, की खेळ त्या दुकानात दिसला नाही म्हणजे कारागिरानेच टाळला, असे नेहमी नसते. जीओजी खेळ निवडून घेते. २०१७ साली आलेला झॅकट्रॉनिक्सचा 'ओपस मॅग्नम' हा नावाजलेला खेळ तिने आधी नाकारला. लोकांनी गिल्ला केला तेव्हा पुढे घेतला. उलट स्टीमवर त्याच वर्षापासून शंभर डॉलर भरले, की साध्या तपासणीनंतर कोणालाही प्रवेश मिळू लागला. तैवानच्या रेड कँडल या चमूचे तर आणखी वेगळे झाले. त्यांच्या 'डिव्होशन' या खेळात चीनच्या अध्यक्षांची थट्टा करणारे एक चित्र निघाले आणि २०१९ साली तो स्टीमवरून उतरवावा लागला. डिसेंबर २०२० मध्ये जीओजीने तो विकण्याची घोषणा केली आणि काही तासांत ती मागेही घेतली. शेवटी मार्च २०२१ मध्ये त्या चमूने स्वतःचे दुकान थाटले, आणि तेही बिनकुलपाचे.

पाचवे कारण करार. भांडवल दुसऱ्याचे असले, की दुकानही तोच ठरवतो. एपिक कंपनीने २०१८ च्या डिसेंबरात आपले दुकान उघडले, तेव्हा वाटा फक्त १२ टक्के ठेवला आणि काही खेळांना आगाऊ रक्कम देऊन ठरावीक मुदतीपर्यंत आपल्याकडेच बांधून घेतले. घर चालवायचे असलेल्या माणसाला अशी रक्कम नाकारणे सोपे नसते.

आपण म्हणाल, पोरांच्या खेळासाठी एवढा काथ्याकूट कशाला? पण प्रश्न विकत घेणे या शब्दाच्या अर्थाचा आहे. २०१४ साली आलेला 'द क्रू' हा एका बड्या कंपनीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी तिच्या बाजूने बंद झाला, आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांनाही तो खेळता येईना. पुढे कॅलिफोर्नियात कायदा झाला. तुम्ही वस्तू नव्हे, वापरण्याचा परवाना घेत आहात, हे दुकानांनी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आपल्या जुन्या पोथ्या टिकल्या, त्या घरोघरी प्रती होत्या म्हणून. एकाच कोठीत असत्या, तर कोठीबरोबर गेल्या असत्या. छोट्या कारागिराचा खेळ तर अधिकच नाजूक. चमू मोडला, की विचारायचे कोणाला?

हा व्यवसाय आता आपल्याकडेही आला आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या चमूने २०२० साली 'राजी' हा खेळ जगाच्या बाजारात नेला. उद्या आपल्या शाळेतली मुलेही खेळ बनवतील आणि त्यांच्यापुढे हाच हिशेब उभा राहील. शिक्षक बंधुभगिनींनी तो वर्गात मांडण्याजोगा आहे.

मी त्या मुलाला तीन गोष्टी सांगितल्या. खेळ घेण्यापूर्वी तो नेटविना चालतो का, याची चौकशी कर. बिनकुलपाच्या दुकानात मिळत असेल, तर तिथून घे, म्हणजे त्या पाचांचे सहा होतील. आणि नसेल, तर चोरलेली प्रत न घेता बनवणाऱ्यांना सभ्य शब्दांत पत्र लिही. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेही. आठवड्याने दोन ओळींचे उत्तर आले. हातातली दुरुस्ती संपली, की विचार करू. असे विचारणारे तुम्ही एकटे नाही.

मास्तरांनी ते उत्तर मला फोनवर वाचून दाखवले. खेळ अजून त्या दुकानात आलेला नाही. पण मुलगा अधूनमधून पाहतो, आला का म्हणून.