हलगी, रॅप आणि नावाचा रकाना

माजलगाव तालुक्यातल्या एका वस्तीतल्या पाच पोरांनी यंदा जयंतीसाठी रॅप केला. दोघांनी लिहिला, एकाने म्हटला, एकाने मोबाइलवर शूट केलं, एकाने लॅपटॉपवर जुळवाजुळव केली. बीट यूट्यूबवरून उतरवलेला. पण गाण्यात जीव आला तो हलगीमुळे. शेजारच्या मातंग वस्तीतले एक काका ऊसतोडीवरून नुकतेच गावी आले होते. पोरांनी त्यांना बोलावलं. त्यांनी कागद पेटवून हलगी शेकली आणि एका दमात चार मिनिटं वाजवली.

गाणं टाकण्याआधी पोरांनी मला दाखवलं. शेवटी नावं येत होती : गीत, गायन, संगीत, छायाचित्रण, विशेष आभार. विशेष आभारात नगरसेवक होते, मंडळाचे अध्यक्ष होते. हलगीवाले काका कुठेच नव्हते. मी विचारलं तर एक जण सहज म्हणाला, “त्यांनी नुसती वाजवली ना ताई.”

त्या “नुसती”वर हा लेख आहे. गावाकडचं संगीत आणि हिप हॉप यांची सरमिसळ जगात सगळीकडे चालली आहे, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण सरमिसळीत कुणाचं नाव वर येतं आणि कुणाचं पुसलं जातं, हे आपल्या चळवळीतल्या पोरांनी नीट बघून ठेवायला हवं.

अमेरिकेत “कंट्री” म्हणजे खेड्यातल्या गोऱ्या माणसाचं गाणं अशी समजूत आहे. टोपी, घोडा, गिटार, बँजो. यातला बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वाद्यांतून आला आहे. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी विक्रीसाठी दोन पेट्या केल्या. गोऱ्यांच्या गावरान गाण्याला “हिलबिली” म्हटलं आणि काळ्यांच्या सगळ्या गाण्याला “रेस रेकॉर्ड्स”. एकाच गावात, एकाच चालीवर वाढलेलं गाणं कातडीच्या रंगावरून वेगळ्या कपाटात गेलं. डीफोर्ड बेली हा काळा माउथऑर्गनवादक नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे तो नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिश करून जगला. कंट्री संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला घेतलं ते २००५ मध्ये, तो मेल्यानंतर २३ वर्षांनी.

म्हणून २०१९ मध्ये लिल नास एक्स या विशीतल्या काळ्या पोराच्या ‘ओल्ड टाऊन रोड’वरून जो वाद झाला तो नवा नव्हता. त्याने इंटरनेटवरून ३० डॉलरला बीट विकत घेतला होता, त्यात बँजोचा आवाज होता, वर रॅप. बिलबोर्डने ते गाणं कंट्रीच्या यादीतून काढलं, ते पुरेसं कंट्री नाही म्हणून. तेच गाणं मग सर्वसाधारण यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२४ मध्ये शबूझी या गायकाच्या कंट्री-हिप हॉप गाण्याने त्या १९ आठवड्यांची बरोबरी केली. शबूझीचे आईवडील नायजेरियातले. त्याचं आडनाव चिबुएझे. शाळेत ते नीट उच्चारलं गेलं नाही, त्या चुकीच्या उच्चारातून “शबूझी” झालं आणि तेच त्याने कलावंत म्हणून लावलं. हजेरीला आपलं आडनाव कसं घेतलं जायचं हे आठवणाऱ्यांना ही गोष्ट लांबची वाटणार नाही.

अमेरिकेचं एवढं पुरे. आपल्याला जास्त जवळचा माणूस तमिळनाडूत आहे, अरिवू.

अरिवू अरक्कोणमचा, आंबेडकरी घरातला. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद उभा राहिला. त्याचा पहिला कार्यक्रम ६ जानेवारी २०१८ ला चेन्नईत झाला. अरिवू त्यातूनच लोकांसमोर आला. या नावाचा उगम बौद्ध तरुणांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. पंडित अयोथी थास यांनी तमिळ अस्पृश्यांना “जातिविरहित तमिळ” म्हणा असं सांगितलं होतं, त्यावरून हे नाव आलं. त्याच अयोथी थासांनी १८९८ मध्ये श्रीलंकेत धम्म स्वीकारला आणि मद्रासला शाक्य बौद्ध संस्था काढली. नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षं आधी.

या वाद्यवृंदात हिप हॉप होतं, रॉक होतं, चेन्नईच्या वस्त्यांतलं ‘गाना’ होतं आणि मयताच्या वेळी म्हटलं जाणारं ‘ओप्पारी’ होतं. पराई हे चामड्याचं वाद्यही होतं. इंग्रजीतला “परायाह” हा शब्द त्या पराईवाल्या जातीच्या नावावरूनच आला. ज्या वाद्यामुळे माणूस बाटतो असं मानलं गेलं, तेच मंचाच्या मध्यभागी ठेवलं.

२०१९ मध्ये अरिवूने ऑफ्रो या संगीतकारासोबत ‘तेरुकुरल’ हा अल्बम काढला. त्यात जात होती, आरक्षण होतं, नागरिकत्व होतं. सिनेमानेही त्याला उचललं. ७ मार्च २०२१ ला ‘एंजॉय एंजामी’ आलं आणि तो देशभर माहीत झाला. गाण्याच्या मुळाशी त्याची आजी वल्लियम्माळ आहे. तिने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात मजुरी केली आणि नंतर ती भारतात परतली. तिने सांगितलेलं, तिने रडत म्हटलेलं, नातवाने रॅपमध्ये बांधलं. यूट्यूबवर ते चाळीस कोटींहून जास्त वेळा बघितलं गेलं आहे.

आता नावाचा रकाना बघा. गाण्यावर नाव आलं “धी”चं, सोबत अरिवू, निर्मिती संतोष नारायणन. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरे एक रॅपर होते, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे हे दाखवून दिल्यावर पुढे त्याचंही मुखपृष्ठ निघालं. त्या गाण्याच्या रिमिक्सची जाहिरात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये लागली, तिथेही तो नव्हता. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात हेच गाणं त्याच्याशिवाय सादर झालं. तेव्हा त्याने लिहिलं की गाणं मीच रचलं, लिहिलं, म्हटलं. संतोष नारायणन यांनी उत्तर दिलं की चाल माझी, काम तिघांचं आणि हक्कही तिघांचे समान. चालीच्या वादात मी पडत नाही, दोन्ही बाजूंचं म्हणणं जाहीर आहे. पण मार्च २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनीच सांगितलं की या गाण्याचा एक पैसाही आम्हा तिघांपैकी कुणाला मिळालेला नाही. म्हणजे ज्या तिघांत श्रेयावरून ताणाताणी झाली, त्या तिघांचेही हात रिकामे. चाळीस कोटी वेळा बघितलेल्या गाण्याची ही हकिगत आहे.

अरिवूने पुढचा अल्बम २०२४ मध्ये काढला. त्याचं नाव ‘वल्लियम्मा पेरांडी’, म्हणजे वल्लियम्माचा नातू. या खेपेला आजीचं नाव कुणाला काढता येणार नव्हतं.

आपल्याकडे महाराष्ट्रातही हे काम चालू आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, तेव्हा आरेतल्या आदिवासी पाड्याचे कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज घेतला आणि त्यांचं नाव गाण्याच्या नावाशेजारी ठेवलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘१०० आरबीएच’, याच गटातून पुढे आला आणि २०२३ मध्ये ‘एमटीव्ही हसल’पर्यंत पोचला. मराठवाड्याचं गाणं अजून तिथे पोचायचं आहे. पोचेल. आपल्याकडे माल कमी नाही.

माल किती आहे ते माजलगावातच बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, हजाराहून अधिक गावांतल्या. आज तो ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, बुद्धावरच्या ओव्या आहेत. ध्वनिमुद्रण १९९६ चं. राधाबाई बोऱ्हाडे यांच्यासारख्या ज्या बायकांनी ओवी म्हटली त्यांची नावं आणि गावं ओवीसोबत लिहून ठेवली आहेत. दळणकांडण करत गाणाऱ्या बाईचं नाव लिहून ठेवायला काय लागतं? एक वही आणि विचारण्याची सवय. रॅप करणाऱ्या पोरांनी त्या ओव्या आधी कान देऊन ऐकाव्यात. ठेका जात्याचा आहे, श्वास कुठे तोडायचा ते त्या बायकांना पक्कं माहीत आहे.

आणि याच बाबतीत आपण स्वतः किती कच्चे आहोत ते १४ एप्रिलला डीजेसमोर उभं राहिलं की कळतं. वामनदादा कर्डकांची गाणी रात्रभर वाजतात. नाचणाऱ्या दहा पोरांना विचारा, गीतकार कोण? गायकाचं नाव येईल, नाहीतर डीजेचं. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव गुंफायची आपल्या शाहिरांची पद्धत होती. ती नुसती हौस नव्हती, छापील कागद नसलेल्या माणसाची ती सही होती. रिमिक्समध्ये पहिल्यांदा कापलं जातं ते शेवटचंच कडवं.

कायदा मात्र कवीच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. हक्क मिळायला नोंदणी सक्तीची नाही, गाणं लिहून झालं की हक्क तयार होतो. २०१२ च्या दुरुस्तीने दोन मोठ्या गोष्टी केल्या. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. त्यामुळे “एकरकमी दोन हजार घे आणि सही कर” असं कुणी म्हटलं तरी तुमचा रॉयल्टीचा वाटा त्या सहीने जात नाही. दुसरी गोष्ट आमच्या काकांच्या कामाची. गाणारा आणि वाजवणारा, दोघेही कायद्याने ‘परफॉर्मर’ आहेत आणि आपल्या सादरीकरणाचे सादरकर्ते म्हणून ओळखलं जाण्याचा त्यांना हक्क आहे. पारंपरिक ठेका कुणा एकाच्या मालकीचा नसतो, पण त्या दिवशी त्या माणसाने तो जसा वाजवला, ते वाजवणं त्याचं असतं.

“फ्री बीट”बद्दलही सांगून ठेवते. यूट्यूबवरचा बहुतेक फ्री बीट पैसे न कमावण्याच्या अटीवर फुकट असतो. गाणं चाललं की बीटवाल्याचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. खालची अट वाचा, नाहीतर स्वतःचा बीट करा. हलगी आहेच.

हलगीवरून एक अडचण निघाली, ती झाकून ठेवत नाही. वस्तीतले एक ज्येष्ठ उपासक पोरांवर चिडले. आम्ही गावकीची कामं सोडली, वाजवणं सोडलं, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, आणि तुम्ही ते पुन्हा घरात आणता? त्यांचं चूक नाही. त्या पिढीने सोडलं म्हणून आम्ही शिकलो. पण मला वाटतं त्यांनी सोडली ती वेठ. पाटलाच्या दारात, हुकुमावर, उरल्यासुरल्या भाकरीसाठी वाजवणं सोडलं. स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या शब्दांवर, पैसे ठरवून वाजवणं ही दुसरी गोष्ट आहे. चेन्नईत पराईवरही असंच भांडण झालं आहे. अट एकच, वाजवणाऱ्याला मान आणि मोबदला मिळाला पाहिजे. तो न देता आपण हलगी वापरली तर आपण पाटीलच झालो, फक्त गळ्यात निळा गमजा घालून. आणि इथे तर प्रश्न दोन वस्त्यांमधला आहे. बौद्ध वस्तीतल्या पोरांनी मातंग वस्तीतल्या माणसाला बोलावून वाजवून घ्यायचं आणि नाव गाळायचं, हे अरिवूच्या नावाने हळहळणाऱ्यांना शोभत नाही.

पोरांना एवढं सगळं सांगितलं नाही. एक कागद घ्यायला लावला आणि कुणी काय केलं ते लिहायला सांगितलं. गीत, रॅप, जुळवणी, चित्रण, हलगी. समोर पूर्ण नाव, गाव, सही. पैसे आलेच तर कुणाला किती टक्के, तोही रकाना आखला. मग दोघं जाऊन काकांना घेऊन आले. त्यांनी कागद वाचून घेतला आणि नावाच्या जागी स्वतःच्या नावाआधी वडिलांचं लिहायला सांगितलं. हात त्यांचा आहे, म्हणाले, मी नुसता वाजवतो.

टक्क्यांचा रकाना अजून रिकामा आहे. एक पोरगा दहा म्हणतो, बाकीचे वीस, आणि काका म्हणतात पैसे आल्यावर बघू. मी त्यांना सांगितलं की पैसे आल्यावर कुणी बघत नसतं, ते आधीच ठरवायचं असतं. रविवारी विहारात पुन्हा बसणार आहोत.