कृपा विनामूल्य, पण स्वस्त नव्हे

मनुष्याचा उद्धार सर्वस्वी ईश्वराच्या कृपेने होत असेल, तर त्याच्या बऱ्यावाईट कृतीला मोल ते कोणते? आणि कृतीला मोल असेल, तर कृपेचे कृपापण ते काय उरले? ख्रिस्ती धर्मविचारातील हा पेच रामानुजांच्या परंपरेतील मार्जारकिशोर व मर्कटकिशोर हे न्याय ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला अगदीच अपरिचित वाटू नये. मांजरी पिलाला तोंडात धरून नेते, पिलाला काही करावे लागत नाही. माकडिणीच्या पिलाला मात्र आईच्या पोटाला घट्ट बिलगून राहावे लागते. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलेजियस आणि ऑगस्टीन यांच्यातील वाद याच जातीचा होता. मनुष्य आपल्या इच्छाबळाने सदाचारी होऊ शकतो, असे पेलेजियसचे मत. ती इच्छाच बिघडलेली असल्याने आधी कृपेने तिला सावरावे लागते, असे ऑगस्टीनचे म्हणणे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलेजियसची मते त्याज्य ठरविली. प्रश्न मात्र मिटला नाही.

हा वाद धर्मपंडितांच्या ग्रंथांतच राहिला असता, तर दैनिकाच्या वाचकाने त्यात मन घालण्याचे कारण नव्हते. परंतु विसाव्या शतकात जर्मनीत त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली.

१५१७ साली मार्टिन ल्यूथर उभा राहिला तो क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध. देवाची क्षमा पैशाने मिळत नाही आणि पुण्यकर्मांनी कमावताही येत नाही, ती केवळ विश्वासाने स्वीकारावयाची असते, हा त्याचा सिद्धांत. तथापि विश्वासाने मुक्त झालेला मनुष्य शेजाऱ्याच्या सेवेला आपण होऊन बांधलेला असतो, हेही त्याने १५२० मध्ये तितक्याच आग्रहाने प्रतिपादिले होते. पुढच्या पिढ्यांनी यातला पूर्वार्ध जिवापाड जपला आणि उत्तरार्ध सोयीस्करपणे विसरला. सोयीचे तेवढे उचलण्याची ही खोड एकट्या ख्रिस्ती समाजाची आहे, असे कोण म्हणेल?

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रशियातील प्रॉटेस्टंट चर्चच्या महासभेने ज्यू वंशाच्या धर्मोपदेशकांना सेवेतून दूर ठेवणारा नियम स्वीकारला. व्यासपीठावरून पापक्षमेची प्रवचने चालूच होती. त्या वेळी सत्तावीस वर्षांचा असलेला डीट्रिख बॉनहॉफर हा ल्यूथरपंथी धर्मशास्त्रज्ञ, चाकाखाली सापडलेल्यांची मलमपट्टी करून चर्चचे काम संपत नाही, प्रसंगी ते चाकच थांबवावे लागेल, असा विचार मांडत होता. फिंकनवाल्ड येथे तो तरुण पाळकांना शिक्षण देत असे; ती शाळा १९३७ मध्ये गेस्टापोने बंद केली. त्याच वर्षी ख्रिस्ताच्या अनुसरणाविषयीचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पश्चात्तापावाचून वाटली जाणारी क्षमा ही स्वस्त कृपा होय आणि तीच चर्चची वैरीण आहे, असा त्याचा रोख होता.

बॉनहॉफरने पेलेजियसची बाजू घेतली असे मानणे चुकीचे ठरेल. कृपा आणि कृती यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालण्यासही तो तयार नव्हता. जकातीच्या नाक्यावर बसलेल्या लेवीला येशूने हाक मारली आणि तो उठला. हाक मिळाली ही कृपा, हे खरेच. पण न उठणाऱ्याला ती मिळाली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? कृपा फुकट मिळते, परंतु ती देताना देवाला पुत्राचे बलिदान द्यावे लागले. म्हणून घेणाऱ्यालाही ती स्वस्त असू शकत नाही.

या भूमिकेतही धोका आहे. अनुसरणाच्या उत्साहात मनुष्य स्वतःच्या पावित्र्याचाच ध्यास घेऊ लागतो आणि पेलेजियस मागील दाराने आत येतो. १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिताना बॉनहॉफरने ग्रंथातले धोके आता दिसतात असे मान्य केले. ग्रंथ मात्र नाकारला नाही. तोवर तो हिटलरविरोधी कटात सामील झालेला होता. अहिंसेकडे ओढा असलेल्या या पाळकाला हुकूमशहाच्या हत्येच्या योजनेत भाग घेताना आपले हात स्वच्छ राहिले, असा दावा करावासा वाटला नाही. जबाबदार मनुष्य प्रसंगी अपराधही शिरावर घेतो आणि निवाडा देवावर सोपवितो, असे तो मानी. कृपेचा आधार त्याने घेतला तो निष्क्रियतेला पांघरूण म्हणून नव्हे, कृती केल्यानंतर उरणाऱ्या अपराधासाठी. माझ्या मते, मांजर आणि माकड या दोन्ही दृष्टांतांत न मावणारी गोष्ट ती हीच. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आली. दोन आठवड्यांनी तेथे अमेरिकन सैन्य पोहोचले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टुटगार्ट येथे जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी आपल्या धैर्याच्या आणि प्रेमाच्या उणेपणाची लेखी कबुली दिली. एवढ्यानेही अनेक श्रद्धाळू संतापले. त्या कबुलीत ज्यूंचा नावानिशी उल्लेख नव्हता. त्यांच्यावरील अत्याचारातील आपला दोष चर्चच्या महासभेने उघडपणे मान्य केला तो बर्लिन-वाइसेनझे येथे, १९५० साली.