फोटो उघडत नाहीत? आधी कार्ड बाजूला काढून ठेवा



शाळेची जुनी स्नेहसंमेलने, सहली आणि गणेशोत्सव यांचे फोटो जमा करण्याचे काम आम्ही सध्या हाती घेतले आहे. हे काम करताना एक गोष्ट ध्यानात आली. रोलच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो अल्बममध्ये आहेत आणि अलीकडचे मोबाइलमध्ये आहेत. मधल्या काळातले, म्हणजे साधारण २००२ ते २०१२ या वर्षांतले फोटो मात्र सर्वांत जास्त धोक्यात आहेत. त्या काळात घरोघरी डिजिटल कॅमेरे आले, रोलचा खर्च वाचला आणि प्रिंट काढायचे राहून गेले. ते फोटो आजही कपाटातल्या एखाद्या डबीत, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कार्डात पडून आहेत. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या ज्या घरांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत, तिथली गौरी-गणपतीची आरास त्यांत आहे. आज आपल्यात नसलेले आजी-आजोबा आणि गुरुजन आहेत.

असे कार्ड वर्षांनी कॉम्प्युटरला लावले की कधी फोटो उघडतच नाहीत, कधी अर्धा फोटो दिसतो आणि खालचा भाग करडा येतो, तर कधी 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न समोर येतो. अशा वेळी काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, ते येथे सांगत आहोत.

पहिला नियम : कार्डावर काहीही लिहू नका

कार्डाची रचना आपल्या शाळेच्या ग्रंथालयासारखी असते. पुस्तके कपाटात आणि कोणते पुस्तक कुठे आहे याची यादी नोंदवहीत. फोटो पुसला की त्या काळातल्या बहुतेक कार्डांत फक्त नोंदवहीत बदल होतो. नावाचे पहिले अक्षर बदलून 'ही जागा मोकळी' अशी खूण केली जाते. पुस्तक कपाटातच असते. घाईत केलेल्या साध्या फॉरमॅटमध्येही बहुधा नोंदवही नवी होते, कपाट रिकामे होत नाही. मात्र त्या जागेवर नवा फोटो साठवला गेला, की जुना कायमचा गेला.

म्हणून कार्डात बिघाड दिसताच ते कॅमेऱ्यातून काढा. एसडी कार्डाच्या कडेला छोटी खिट्टी असते, ती 'लॉक'कडे सरकवा. कॉम्प्युटरने फॉरमॅट करण्याबद्दल किंवा दुरुस्तीबद्दल विचारले, तर 'नाही' म्हणा. बिघाडामुळे होते त्याहून जास्त नुकसान पुष्कळदा नंतरच्या घाईमुळे होते.

दुखणे नेमके कुठे आहे?

१. कार्ड रीडरचे दुखणे : मोठ्या क्षमतेची एसडीएचसी कार्डे २००६ साली आली. त्याआधीचे रीडर ती वाचू शकत नाहीत आणि चांगल्या कार्डालाही 'फॉरमॅट करा' म्हणतात. दुसरा रीडर लावून पाहा, किंवा कार्ड मूळ कॅमेऱ्यात घालून केबलने जोडा.

२. ओळख न पटणे : फाइल धडधाकट असते, पण कॉम्प्युटरला तिचा प्रकार समजत नाही. मोठ्या कॅमेऱ्यांच्या 'रॉ' फाइली आणि २०१७ पासून आयफोन वापरत असलेल्या एचईआयसी फाइली जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. उलट, कॉम्प्युटरवर नाव बदललेला फोटो कार्डात परत टाकला, तर कॅमेरा तो दाखवत नाही. यात फोटो खराब झालेला नसतो.

३. फाइल खरोखर तुटलेली असणे : फोटो लिहिला जात असताना बॅटरी संपली, दिवा लुकलुकत असताना कार्ड काढले किंवा कार्डच बनावट क्षमतेचे असले, तर असे होते. आधी फाइलचा आकार पाहा. इतर फोटो दोन एमबीचे असतील आणि हा शून्य दाखवत असेल, तर त्या फाइलीत चित्र नाही. आकार योग्य असेल तर आशा आहे.

अर्धा फोटो नीट आणि पुढचा भलत्याच रंगाचा का होतो? जेपीईजी प्रकारात चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड पूर्ण लिहीत नाहीत, मागच्या चौकोनापेक्षा किती कमी-जास्त एवढेच लिहितात. किर्दीत एका दिवसाची शिल्लक चुकली की पुढच्या सगळ्या शिलका चुकतात, तसेच येथे होते. बिघाडाच्या वरचा भाग शाबूत असतो, तो कापून वेगळा ठेवता येतो. बहुतेक कॅमेरे प्रत्येक फाइलीत १६० बाय १२० ठिपक्यांचे एक छोटे चित्रही ठेवतात. मोठा फोटो गेला तरी कधी कधी ते वेगळे काढता येते. एखाद्याचा तोच एक फोटो असेल, तर तेही कमी नाही.

परत कसे मिळवावे

प्रथम संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत, म्हणजे 'इमेज', कॉम्प्युटरवर घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तयार केलेला 'फोटोरेक' हा प्रोग्रॅम विनामूल्य आहे. तो नोंदवहीकडे न पाहता थेट कपाट धुंडाळतो. प्रत्येक जेपीईजी फाइलीच्या सुरुवातीला ठरावीक खूण असते, ती दिसली की तिथून फोटो उचलतो. मिळालेले फोटो त्याच कार्डावर कधीही साठवू नयेत.

अशा फोटोंची मूळ नावे बहुधा जातात, पण फोटो काढल्याची तारीख फाइलीच्या आत असते, त्यावरून क्रम लावता येतो. मात्र बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की कॅमेऱ्याचे घड्याळ मूळ तारखेवर जाते. म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना विचारून वर्षाची खात्री करावी. एका फाइलीचे तुकडे कार्डावर विखुरलेले असतील, तर फोटो अर्धवट येतो. ज्यावर नवीन काही लिहिले गेले, ते कोणत्याही प्रोग्रॅमला परत आणता येत नाही. पैसे देऊन प्रोग्रॅम घेण्याआधी, तो सापडलेले फोटो दाखवतो का ते पाहावे.

यापुढे

कार्ड वापरले नाही म्हणजे ते सुरक्षित राहिले, असे नाही. कार्डातली माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपून जातो. तेव्हा कपाटातली कार्डे आजच काढा. फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कार्ड पुसण्याआधी प्रतीतले फोटो उघडून पाहा. निवडक वीस-पंचवीस फोटोंचे प्रिंट काढा आणि मागे नावे व साल लिहा. फोटोतली माणसे कोण, हे सांगणारे आज घरात आहेत.

ज्यांना हे घरी जमणार नाही, त्यांनी कार्ड लॉक करून, पाकिटावर आपले नाव लिहून शाळेच्या संगणक कक्षात आणावे. आम्ही आपल्या समोरच त्याची प्रत घेऊ आणि कार्ड लगेच परत देऊ. शाळेच्या संग्रहात कोणते फोटो ठेवायचे, हे आपणच ठरवावे.