सातपुड्यातील हिवाळा आणि चूल

महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही, असे आपण शाळेच्या भूगोलात शिकलो आणि ते खरेही आहे. तथापि नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, अक्कलकुवा तालुक्यातील डाब, वालंबा, मोलगी या टापूत किंवा जुन्या दप्तरांतून ज्याला अक्राणी महाल म्हणत त्या धडगाव भागातील तोरणमाळच्या पठारावर, पौषातल्या एखाद्या निरभ्र रात्रीनंतर जो पहाटे घराबाहेर पडेल, त्याला गवताच्या पात्यांवर, रचून ठेवलेल्या कडब्यावर आणि उघड्यावर उभ्या असलेल्या वाहनांच्या टपांवर गोठलेल्या दहिवराचा शुभ्र थर दिसल्यावाचून राहत नाही. दरवर्षी असे घडतेच असे नाही. परंतु थंडीची लाट उत्तरेकडून आली, वारा पडला आणि आकाश स्वच्छ राहिले, की डाबचे दव गोठल्याची वार्ता खाली तळोदा-शहाद्यापर्यंत पोहोचते आणि सपाटीवरची माणसे कौतुकाने घाट चढू लागतात.

यामागचे कारण सोपे आहे. रात्री जमीन दिवसभराची उष्णता आकाशाकडे सोडीत असते; ढगांचे आच्छादन असले तर त्यातील बरीचशी परत फिरते, नसले तर ती निघून जाते. गार हवा जड असल्यामुळे उतारावरून वाहत येऊन खोलगट भागात साचते. हवामानखात्याचा तापमापक माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, जाळीदार पेटीत ठेवलेला असतो. त्यात पारा ३ किंवा ४ अंशांवर असतानाही जमिनीलगतच्या गवताचे पाते शून्याखाली उतरलेले असू शकते. म्हणूनच आकड्यांत न दिसणारा हिवाळा पायाला मात्र जाणवतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून उंच, तर धनत्रयोदशीच्या सुमारास जेथे यात्रेकरूंची रीघ लागते तो अश्वत्थाम्याचा अस्तंबा १३०० मीटरांहूनही उंच. दक्षिणेस तापीचे खोरे, उत्तरेस नर्मदेचे, आणि मध्ये या डोंगररांगांत भिल्ल व पावरा समाजाचे पाडे विखुरलेले.

विखुरलेले हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. महसुली दप्तरात गाव एक असते, सातबारा एका नावाखाली असतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक कुटुंबाचे घर बहुधा ज्याच्या-त्याच्या शेतात, टेकडीच्या अंगावर, शेजाऱ्याला हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर असते. लाकडाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा गिलावा आणि वर कौले, असे हे घर. गुरेही पुष्कळदा त्याच छपराखाली, आडव्या दांड्यांपलीकडे बांधलेली असतात. शहरातील पाहुण्याला त्याचे नवल वाटते, परंतु हिवाळ्याच्या रात्री गुरांच्या अंगची ऊब घराला मिळते आणि गुरांनाही गारठा बाधत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे या रचनेतील शहाणपण पटते.

या घराचे केंद्र म्हणजे चूल. ती केवळ स्वयंपाकाची जागा असे मानणे म्हणजे तिचे अर्धेच काम पाहणे होय. चुलीवर, आढ्याखाली, मक्याची निवडक कणसे सालपटांनी बांधून टांगलेली असतात. वर्षभर धूर लागून ती काळवंडतात, पण त्यांना किडा लागत नाही, आणि पुढल्या ज्येष्ठात पेरणीचे बियाणे तेथूनच खाली उतरते. तोच धूर छपरातील बांबूला वाळवीपासून राखतो. रात्री चुलीतले निखारे पुढे ओढले, की तीच शेकोटी होते आणि म्हातारीकोतारी, लेकरे तिच्या कडेने पाय करून निजतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमार्फत गॅसच्या शेगड्या डोंगरातही आल्या आणि त्या याव्यात असेच कोणीही म्हणेल, कारण धुराने स्त्रियांच्या डोळ्यांची आणि छातीची जी हानी होते ती थोडीथोडकी नाही; परंतु गॅस अन्न शिजवतो, घर उबदार करीत नाही, बियाणे राखीत नाही. म्हणून शेगडी कोपऱ्यात असली तरी मार्गशीर्ष-पौषात चूल पेटतेच. धूर बाहेर जाईल अशी चूल, जिच्या भोवती तरीही बसता येईल, ही या डोंगराची खरी गरज आहे, असे माझे निश्चित मत आहे.

आता अन्नाकडे वळू. हिवाळ्यातील मुख्य धान्य मका आणि ज्वारी. त्यांच्या जोडीला उतारावरच्या हलक्या जमिनीत पिकणारी मोर, बर्टी यांसारखी बारीक धान्ये, ज्यांचे कठीण साल कांडून काढले म्हणजे भगर हाती येते. मक्याची भाकरी करणे हे कौशल्याचे काम आहे. गव्हाच्या कणकेला जो चिवटपणा असतो तो मक्याच्या पिठाला नाही. म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवावे लागते, त्या उष्णतेने पिठातील पिष्ट फुगून थोडाबहुत चिकटा धरते, आणि तेवढ्याच्या बळावर तो गोळा दोन्ही तळव्यांत थापीत वाढवावयाचा असतो. कड फाटू लागली की ओले बोट फिरवून ती सांधायची. खापरावर टाकून वरच्या अंगाला पाण्याचा हात लावायचा. पाणी सुकता सुकता उलटायची, आणि दोन्ही अंगे धरली म्हणजे चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करून फिरवीत शेकायची. लाकडाच्या आगीचा आणि मातीच्या खापराचा जो खरपूस गंध तिला येतो तो लोखंडी तव्यावर येत नाही. शिळी झाल्यावर ती कडक होते. मग सकाळी निखाऱ्यावर पुन्हा शेकून, मीठ-मिरचीशी खाऊन माणसे शेताला जातात.

भाकरीसोबत बहुधा उडदाची डाळ. ती सालासकट, जात्यावर भरडलेली. हलक्या आचेवर पुष्कळ वेळ शिजवून दाटसर केलेली. पाट्यावर वाटलेली लसूण आणि लाल मिरची तीत घातलेली, आणि आंबटपणासाठी आमचुराच्या दोन-चार फोडी. हे आमचूर धडगाव-मोलगीच्या डोंगरातले. चैत्र-वैशाखात गावठी आंब्याच्या कैऱ्या सोलून, चिरून, खडकांवर आणि अंगणात वाळवतात. बराचसा माल व्यापाऱ्यांकडे जातो, घरापुरता मागे राहतो. तेलाचा हात आखडताच असतो. मोहाच्या बियांचे तेल ज्या घरी असते तेथे ते या दिवसांत तुपासारखे थिजते आणि चुलीपाशी ठेवून पातळ करावे लागते. कुडावर चढलेल्या वेलीची वालपापडी, तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या, ओढ्यातले खेकडे किंवा लहान मासे मिळाले तर त्यांचे कालवण: एवढ्यात हिवाळ्याचे ताट पुरे होते. पदार्थ मोजके, परंतु प्रत्येकाचा उगम घरापासून हाकेच्या अंतरावर, हे वैभव नव्हे असे कोण म्हणेल?

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. काश्मीरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्ले कलान सुरू होतो; बर्फाने रस्ते बंद होतात, आणि शरदात वाळवून ठेवलेली वांगी, टोमॅटो, दुधी यांवर घरे हिवाळा काढतात. हिमप्रदेशांत हिवाळा हा साठ्यातून काढून खाण्याचा ऋतू. सातपुड्यात हे चक्र नेमके उलटे आहे. येथे दुर्गम होतो तो पावसाळा. ओढे-नाले फुगतात, वाटा निसरड्या होतात, कणगी रिकामी झालेली असते आणि नवे पीक अजून शेतात असते. आषाढ-श्रावण हे टंचाईचे महिने, बालकांचे कुपोषण वाढविणारे महिने. हिवाळा मात्र भरलेल्या कणगीचा. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली कणगी याच दिवसांत भरते. गोठलेल्या दहिवरावर पाऊल टाकणाऱ्यांच्या घरात धान्य असते. धान्याचा प्रसाद देणारी याहामोगी ही येथल्या लोकांची कुलमाता, आणि तिचे मूळस्थान डाबच्या परिसरात होते अशी परंपरा. गुजरातेतील देवमोगरा येथे महाशिवरात्रीला तिची मोठी यात्रा भरते, आणि भाविक नवे धान्य बांबूच्या टोपल्यांतून तिला वाहतात. हिवाळ्याच्या अखेरीस अन्नदेवतेला कृतज्ञतेने धान्य अर्पण करावे, ही कल्पना त्याच ऋतुचक्रातून उपजलेली आहे.

खाली सपाटीवर थंडीचे स्वरूप निराळे. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत पपई आणि केळीच्या बागा आहेत. पारा १० अंशांखाली गेला की केळीची वाढ खुंटते, पपईची पाने आणि फळे चट्टे धरतात, म्हणून शेतकरी रात्री बागेला पाणी देतात आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. नंदुरबार शहराभोवती पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे पसरलेले असतात, तिला हीच कोरडी हवा मानवते. मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्याच्या दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. घरोघरी दादर ज्वारीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या बट्ट्या. नवापूरच्या तुरीच्या डाळीला तर भौगोलिक मानांकनच मिळाले आहे. डाबच्या गारठ्यालाही अलीकडे नवा उपयोग सापडला आहे: आदिवासी शेतकरी तेथे स्ट्रॉबेरी लावू लागले आहेत.

परंतु ज्या ऋतूत घरात धान्य असते, त्याच ऋतूत पुष्कळ घरांत ते खाणारी माणसे नसतात. डोंगरातली जमीन थोडी, एकपिकी आणि पाण्यावाचूनची; दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तेथली मोजणी. उसाच्या फडालगत पाचटाची किंवा प्लास्टिकची खोप, तीन दगडांची चूल, आणि पहाटेपूर्वीच्या अंधारात मिणमिणत्या उजेडात थापलेली दिवसभराची भाकरी. पीठ मुकादमाच्या खावटीतले, ज्याचा हिशेब शेवटी मजुरीतून वळता होतो. थंडी तेथेही आहे, परंतु कुडाची भिंत नाही, गुरांची ऊब नाही. लहान लेकरे बरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते. मागे डोंगरात वृद्ध आजी-आजोबा कणगी राखीत बसतात. होळीच्या सुमारास, भोंगऱ्या बाजार भरू लागतात तेव्हा, माणसे परत येतात. तोवर थंडी सरलेली असते.

रोजगार हमीची योजना याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात व्यापक प्रमाणावर राबविली आणि १९७७ साली तिचा कायदा केला. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांना ती हवी आहे ती विशेषतः मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत: उतारांवर बांध घालण्याची, ओढ्यांवर पाणी अडविण्याची कामे दिवाळीपूर्वी मंजूर व्हावीत, आणि मजुरी मुकादमाच्या उचलीइतकीच वेळेवर हाती पडावी. दुबार पीक निघण्याइतके पाणी शेतात टिकले, तर उडीद-मक्याच्या जोडीला हरभरा आणि भाजीपाला येईल, आणि कणगी भरणारे हातच त्या कणगीतले धान्य काढून आपल्या चुलीवर शिजवू शकतील.