मार्ग दिला, भिंत तशीच

एकाच राउटरमध्ये परस्परांपासून अलिप्त असे अनेक मार्गतक्ते ठेवता येतात. त्यांना व्हीआरएफ (एका यंत्रातले स्वतंत्र आभासी राउटर) म्हणतात. महापालिकेसारख्या कोणत्याही मोठ्या कार्यालयात करविभागाचे संगणक आणि सीसीटीव्ही कॅमेरे वेगळे ठेवणे शहाणपणाचे. पण अचूक वेळ देणारा सर्व्हर दोघांनाही लागतो. तेव्हा रूट लीकिंग (एका तक्त्यातला निवडक मार्ग दुसऱ्यात नोंदवणे) करतात. यामुळे दोन्ही जाळी एक झाली, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. सोसायटीच्या बी विंगच्या वॉचमनने आपल्या वहीत ए विंगमधल्या कार्यालयाची वाट लिहून घेतली, म्हणून ए विंगचे फ्लॅट त्याच्या वहीत येत नाहीत. २००६च्या आरएफसी ४३६४ या मानकातही प्रत्येक मार्गाला रूट टार्गेट (ओळखखूण) जोडलेली असते आणि तक्ता मागितलेल्या खुणेचेच मार्ग स्वीकारतो.

मग धोका उरतच नाही का? उरतो. सामायिक सर्व्हरच कुणी ताब्यात घेतला, तर तिथून दोन्हीकडे पोहोचता येते. मार्गतक्ता पहारा देत नाही, त्यासाठी फायरवॉल हवीच. दोन्हीकडे १९२.१६८.१.० हाच पत्तापट्टा असेल, तर पत्ते बदलल्याशिवाय किंवा भाषांतरित केल्याशिवाय मार्ग सामायिक करणे जमत नाही. आणि नेहमीची चूक म्हणजे एकतर्फी नोंद: विनंती पोहोचते, उत्तराला वाट नसते. म्हणून परतीचा मार्ग आधी तपासा.